पापलेट बर्फात, थेंब गाडीत

इसाबेलला प्रश्न पडतात. पडतात तुम्हाआम्हालाही, पण आपण चारचौघांत ते गिळून टाकतो. ही बाई गिळत नाही. एकदा आम्ही दोघी खाडी ओलांडायला अब्रात बसलो होतो. होडीवाल्याने इंजिन चालू केलं न केलं, तोच हिने विचारलं, "भाईसाब, आपके अब्रासे आजतक कितने लोग पानी में गिरे?" मी कपाळावर हात मारला. लोक बसलेत होडीत, आणि ही बया विचारते काय! पण तो माणूस खुलला. पलीकडचा धक्का येईपर्यंत त्याने पडलेल्या एकेकाची कहाणी सांगितली आणि उतरताना हिच्याकडून पैसे घेईना.

मी कमलिनी. बर दुबईत आमच्या बिल्डिंगमध्ये ती चौथ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी डबे करते. एकट्या राहणाऱ्या पोरांना दुपारी पोळीभाजी पोचवते, त्याला आता इतकी वर्षं झाली की पहिल्या पोरांची पोरं माझे डबे खातात. लोक मला भोचक म्हणतात, ते खोटं नाही. तिखट म्हणतात, तेही खरं. पण कमलिनी तोंडावर खोटं बोलत नाही, एवढं माझ्याशी भांडलेली माणसंसुद्धा सांगतील.

इसाबेल वसईची, पाचूबंदरची. कोळ्याची पोर. लग्न होऊन इथे आली, नवरा लवकर गेला, आणि हिने एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी मोजता मोजता मुलगा वाढवला. रॉयस्टन त्याचं नाव. तो मरीनातल्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. सून कॅमिला, नात जेनेल, असं चौघांचं घर. नोकरी संपली तशी इसाबेल मुलाच्या व्हिसावर आली. कंपनीचा इन्शुरन्स कंपनीबरोबर गेला. इथे तर इन्शुरन्सशिवाय व्हिसा नाही, आणि साठी ओलांडली की इन्शुरन्सवाले आपल्याकडे जुन्या गाडीसारखं बघायला लागतात. कुठे गंज आहे, कुठे ठोकलीय, सगळं आधी विचारणार.

इसाबेलला काचबिंदू आहे. डोळ्यातलं प्रेशर वाढतं आणि कडेकडेची नजर हळूहळू जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. त्यावर रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा, जन्मभर. तिला डोळ्यांची काळजी एकाच कारणासाठी होती. चर्चमध्ये मराठी मिस्सा असते तेव्हा बायबलमधलं वाचन करायला इसाबेल उभी राहते. तिचा आवाज असा आहे की पाळण्यातली पोरंही रडायची थांबतात. "माझ्या दफनाच्या दिवशी दुसरं कुणी वाचलं तरी चालेल," ती म्हणायची, "तोवर मीच वाचणार."

तर पहिल्या वेळी इन्शुरन्स घ्यायचा ठरला तेव्हा अर्श नावाचा एजंट घरी आला. बिचारा कोवळा, टाय लावलेला. मी अर्थातच हजर होते, चहा घेऊन. त्याने लॅपटॉप उघडला आणि तीन प्लॅन दाखवले. इसाबेलने सुरुवात केली.

"दाताचं आहे का यात?"

"मोठ्या प्लॅनमध्ये आहे, आंटी."

"आणि बाळंतपण?"

अर्श माझ्याकडे बघायला लागला. "आंटी, ते… आहे. मोठ्यात आहे. पण आपल्याला…"

"मला नकोय रे बाबा. माझ्या वयाच्या बाईला ते विकतात की काय, एवढंच बघायचं होतं."

तो हसला आणि मग जरा मोकळं बोलायला लागला. स्वस्त प्लॅनमध्ये डॉक्टर आहे, हॉस्पिटल आहे, पण औषधांचं पान अगदी बारीक. वर्षाची मर्यादा थोडकी, आणि कंपनीच्या यादीतली औषधंच मिळणार. हिचा थेंब त्या यादीत नाही. मधल्या प्लॅनमध्ये थेंब आहे, मर्यादाही बरी आहे, पण हप्ता थेट साडेचार हजार दिरहम वर. "साडेचार हजार!" मी तिथल्या तिथे हिशेब केला. "अगं, लाखाच्या वर गेले रुपये!" अर्शने सगळं सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा दोष नव्हता.

इसाबेलने दोन बोटांनी मधला प्लॅन बाजूला सारला. "औषधं काय, दादा पाठवतो."

आम्हा सगळ्यांना ते पटलं. का नाही पटणार? इथली रीतच आहे ती. गावी जाताना बॅगेत चॉकलेट, बदाम, परफ्यूम. येताना औषधं. इथे एक बाटली शंभराच्या वर दिरहमला, म्हणजे अडीच हजार रुपये. तीच वसईत पाचशेला. कुणी मूर्ख आहे का इथे घ्यायला? कोण येतंय गावाहून, एवढं बघायचं आणि फोन लावायचा. बीपीच्या गोळ्या, थायरॉइडच्या गोळ्या, गुडघ्याचं तेल, सगळं बॅगांतून येतं. खोकी फोडून टाकायची, कारण खोकी जागा खातात. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवायची आणि बाटली मोज्यात सरकवायची. विमानात आपल्या माणसांच्या बॅगा उघडल्या तर निम्मं औषधाचं दुकान निघेल.

इसाबेलचा दादा म्हणजे जेरार्ड, तिचा थोरला भाऊ. आयुष्यभर बोटीवर. आता गुडघ्यांनी समुद्र सोडायला लावला, बायको वारली, मुलगी लग्न होऊन लांब. त्याच्या आठवड्यात एकच मोठं काम उरलं होतं: बहिणीचं औषध. केमिस्टकडे जायचं, बाटली घ्यायची, घरी फ्रीजच्या दारात ठेवायची, आणि स्टॅनली सुट्टीवर आला की त्याच्या हातात द्यायची. स्टॅनली त्यांच्याच आळीतला, दुबईपासून तीन-चार तासांवरच्या रुवैसला रिफायनरीत नोकरीला. दर चार-पाच आठवड्यांनी गावी जातो. तो परत निघाला की जेरार्ड पहाटे बंदरावर जाऊन स्वतः पापलेट निवडायचा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ ठेचून भरायचा, वर भाताचा तूस, टेप लावून चिंधी गुंडाळून असं बांधायचा की मासळी इथे उतरली तरी डोळे चकचकीत. मी शाकाहारी घरातली, तरी त्या खोक्याचं कौतुक करायचे. आणि बाटली? बाटली स्टॅनलीच्या खिशात.

असं वर्ष गेलं. इसाबेल रोज रात्री थेंब घालायची. चुकली नाही एकदाही. पण माझ्या एक गोष्ट लक्षात यायला लागली. माझ्या ओट्याजवळ ती उभी राहिली की काहीतरी पडायचं. मिठाची बरणी, चमचा, एकदा अख्खं लोणच्याचं भांडं. दरवेळी डावीकडचं. मी आपली खेकसायचे, "अगं, डोळे कुठे आहेत तुझे?" तीही म्हणायची, "म्हातारी झाले गं."

मग वर्षाच्या तपासणीला तिच्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मी गेले. एका वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवतात आणि आत उजेडाचे ठिपके येतात. ठिपका दिसला की बटण दाबायचं. इसाबेलला ते भारी आवडलं. "ठिपका कोण सोडतो? मशीनच सोडतं? कधी कधी न सोडता गंमत बघतं का?" ती दाबत होती, विचारत होती. बाहेर आली ती खेळून आलेल्या पोरीसारखी. डॉक्टरीणबाई मात्र निकालाच्या कागदावर पेनाने गोल काढत होत्या.

दोन्ही डोळ्यांचं प्रेशर चढलं होतं. कागदावर डाव्या डोळ्याची बाहेरची कड काळी आली होती, म्हणजे तिकडची नजर गेली होती.

"आप ड्रॉप डालती हैं ना? रोज?"

इसाबेलचा चेहरा लाल झाला. "डॉक्टर, मैं जपमाला भूल जाऊँगी, ड्रॉप नहीं भूलूँगी."

"जो गया वो वापस नहीं आएगा," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "जो है, वो बचाना है." आणि पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं. प्रेशर उतरलं नाही तर लेझर, तेही नाही तर ऑपरेशन.

टॅक्सीने परत निघालो. खाडीजवळच्या सिग्नलला इसाबेल म्हणाली, "कमलिनी, मी थेंब घालते. मग तो जातो कुठे?"

हा प्रश्न आम्ही दोघींनी हातात घेतला. मला तर चेव चढला. घालायची पद्धत चुकते का, म्हणून तिला माझ्यासमोर थेंब घालायला लावला. चुकत नव्हती. जेनेल मोबाइलवर शोधून म्हणाली, "नॅना, मेबी इट्स फेक." नकली औषध! मला ते एकदम खरं वाटलं आणि मी वसईच्या केमिस्टला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. मग म्हटलं, अंदाज कशाला? आमच्या गल्लीच्या तोंडाशी हनीफची फार्मसी आहे. बाटली घेऊन तिथेच गेलो.

हनीफ केरळचा, हिंदी बोलतो ती तोलून मापून. त्याने बाटली उलटसुलट केली. "माल तो असली है. इसका डब्बा?"

"डब्बा फेंक दिया. वजन होता है."

तो मागे वळला, काचेच्या फ्रीजचं दार उघडलं आणि आतून तशीच बाटली काढून काउंटरवर ठेवली, तिच्या खोक्यासकट. थंडीने खोक्यावर दव आलं होतं. इसाबेलने ते बोटाने पुसलं.

"हे फ्रीजमध्ये का?"

"सील खुलने तक फ्रीज में ही रखना है, आंटी. खुल गया तो बाहर, एसी में, एक महीना चलेगा. लेकिन बंद बॉटल गरमी में रहे, तो दवा कमजोर हो जाती है."

इसाबेल त्या बाटलीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "कंपनीत होते तेव्हाही थंड पिशवीत यायची. मला वाटायचं दुबई आहे, इथे पाणीपण थंडच देतात. कधी विचारलं नाही गं." अब्रावाल्याला विचारलं, एजंटला बाळंतपणाचं विचारलं, आणि हेच नेमकं विचारायचं राहिलं.

"दादा फ्रीजमध्ये ठेवतो," ती लगेच म्हणाली. "मी फोनवर बघितलंय, अंड्यांच्या वरच्या खणात."

"मग तिथून तुझ्या हातात येईपर्यंत ती कुठे असते?" मी म्हटलं. तो रस्ता आम्हाला माहीत नव्हता.

रविवारी मिस्सा सुटली. स्टॅनली नेहमीप्रमाणे पार्किंगमध्ये उभा. तो दुबईला उतरतो, गाडी घेऊन तडक रुवैसला जातो, आणि आठवडाभराने सुट्टीला इकडे आला की गावाहून आणलेल्या वस्तू वाटतो. चर्चचं पार्किंग म्हणजे आमचं टपालघरच. ऊन असं की चपलेखाली डांबर चिकटत होतं. स्टॅनलीने डिकी उघडली, आत आइसबॉक्स. झाकण उचललं तर पापलेट बर्फात पांढरीशुभ्र.

"आंटी, ताजी बघा! आठवडाभर क्वार्टरच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवलेली. काल रात्री नवा बर्फ भरला."

"आणि माझं औषध?"

"आहे ना!" तो पुढे गेला, डॅशबोर्डचा खण उघडला, आणि कागद, चार्जर, जुन्या पावत्या यांच्या मधून बाटली काढली. "विसरू नये म्हणून गाडीतून काढतच नाही मी. पोचल्या दिवसापासून इथेच असते, सेफ."

मी ती हातात घेतली. चटका बसला. खरंच सांगते, बोटं उघडली माझी. उतू चाललेल्या दुधाचं पातेलं धरावं तशी.

"अरे शहाण्या!" मी ओरडले. पार्किंगमधली माणसं वळून बघायला लागली. "पापलेट बर्फात आणि बाईचे डोळे भट्टीत? अरे, मासळीला डीप फ्रीजर आणि औषधाला डॅशबोर्ड? तुझ्या डोक्यात काही आहे की तिथेही पावत्याच भरल्यात?"

स्टॅनलीला काही कळेना. आम्ही सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. हातातलं आइसबॉक्सचं झाकण त्याला खाली ठेवायचं सुचेना. त्याने काय वाईट केलं होतं? वस्तू हरवू नये म्हणून जपली होती, आणि मासळी नासते हे कोळ्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही. औषध नासतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि इसाबेल? ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "पापलेट बर्फात!" म्हणत डोळे पुसत होती. मग तिचं पुसणं थांबेना, आणि मला कळलं की ती हसत नाहीये. मी तिला गाडीच्या सावलीत नेलं.

घरी गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादाला कळता कामा नये."

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढ्यानेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण शक्य आहे. हनीफकडून रोख पैसे देऊन थंड बाटली घेतली. तीन-चार आठवड्यांनी प्रेशर उतरलं. लेझर टळलं. मी देवाला नारळ बोलले होते तो फोडला, इसाबेलने मेणबत्ती लावली.

तेवढ्यात इन्शुरन्स बदलायची वेळ आली. परत अर्श, परत लॅपटॉप, परत माझा चहा. पण या वेळी इसाबेलने हप्ता विचारलाच नाही. तिने बाटली टेबलावर ठेवली. "ही कुठल्या प्लॅनमध्ये आहे, तिथून सुरू कर."

मग तिचे प्रश्न सुरू झाले आणि मला तिचा अभिमान वाटला. यादीत हेच औषध आहे की त्याच्यासारखं दुसरं? दुसरं असेल तर माझ्या डॉक्टरला चालेल का? दर बाटलीला माझ्या खिशातून किती? वर्षाच्या बाटल्या मर्यादेत बसतात, की दिवाळीपर्यंतच संपते मर्यादा? वर्षाच्या मध्येच औषध यादीतून काढलंत तर? हनीफची फार्मसी यात चालते की मला मेट्रोने अल नहदाला जावं लागेल? अर्शने दोनदा ऑफिसला फोन लावला. एका प्रश्नाचं उत्तर तिथेही कुणाला येईना. "इन्शाल्ला, कल बताता हूँ," तो म्हणाला. ती म्हणाली, "इन्शाल्ला नको बेटा, ईमेल कर." आणि ईमेल आल्यावरच पुढची गोष्ट बोलली.

रॉयस्टन म्हणाला, "ममी, मोठाच घेऊ. मी भरतो." जेनेल मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "जस्ट टेक द बिग वन, नॅना. व्हॉट्स देअर टू थिंक?"

"मोठ्यात बाळंतपण आहे," इसाबेल म्हणाली. "तुझ्या लग्नात घेऊ."

मधला प्लॅन ठरला. रोखीने नुसत्या बाटल्या स्वस्त पडल्या असत्या, पण उद्या लेझर-ऑपरेशनची वेळ आली तर तो खर्चही मधल्यातच नीट बसत होता. वरचे साडेचार हजार रॉयस्टनला देऊ देईना. नोकरी सुटताना मिळालेले पैसे तिने बँकेत ठेवले होते. त्यांच्या व्याजावर ती दर डिसेंबरला वसईला जायची, नाताळला दादाबरोबर. ते व्याज इन्शुरन्सला गेलं. मी म्हटलं, "अगं, पोरगा देतोय तर घे ना." ती म्हणाली, "माझे डोळे आहेत, त्याचे नाहीत." पुढे वाद घालायची सोय नव्हती. भावाला कळवलं की या वर्षी तिकीट महाग आहे.

पण गावात गोष्ट लपते होय? स्टॅनलीच्या पोटात राहिलं नाही. सुट्टीवर गेला, जेरार्डने नेहमीसारखी बाटली पुढे केली, आणि या पठ्ठ्याने हात मागे घेऊन सगळं ओकलं. डॅशबोर्ड, ऊन, इसाबेलचा डावा डोळा, सगळं.

पुढे काय झालं ते स्टॅनलीनेच सांगितलं. म्हातारा बाटली परत फ्रीजमध्ये ठेवून आला. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला. स्टॅनलीच्या निघायच्या दिवशी पहाटे बंदरावर गेला, बर्फ आणला, आणि त्याच्याबरोबर रिक्षा, गाडी करत थेट मुंबईच्या विमानतळापर्यंत गेला, खोकं मांडीवर घेऊन. आत जाईपर्यंत एकच सांगत होता: कुठे थांबायचं नाय, आधी बायच्या घरी.

स्टॅनली विमानतळावरून तडक आमच्या बिल्डिंगखाली आला. रुवैसला गेलाच नाही. थर्माकोलचं खोकं, टेप, चिंधी, सगळं नेहमीचं. मी म्हटलं, आली पापलेटं. इसाबेलने सुरीने टेप कापली. वर तूस, खाली बर्फ. तिने बर्फात हात घातला, चाचपलं, आणखी खाली घातला. मासळी नव्हती. एवढ्या बर्फाच्या मधोमध प्लास्टिकमध्ये तीन पदरी गुंडाळलेल्या दोन बाटल्या होत्या. खोक्यासकट, न फोडलेल्या.

बाटल्या थंड आहेत ना, ते बघायला मी हात लावला. गार पडला माझा हात.

"आता तुझ्या फ्रीजमध्ये इन्शुरन्सच्या आहेत आणि या आहेत," मी म्हटलं. मला राहवेना. "आधी कुठली उघडणार?"

"हा काय प्रश्न झाला?" ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी प्रश्नावरून बोललं, आणि तेही इसाबेल.

तिने लगेच भावाला फोन लावला, व्हिडिओवर. टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून फोन ठेवला. जेरार्ड ओट्यावरच बसला होता, गंजीत. मागे जाळी वाळत घातलेली.

"पोचलं काय गो बाय?"

"पोचलं दादा. बर्फसुद्धा वितळला नाय."

"हां." तो कॅमेऱ्याजवळ सरकला. "मासळीला घालतो बर्फ. साठ वर्सं घालतो. तुज्या औषधाला घालायचं मला सुचलं नाय बग."

"दादा, तू फ्रीजमधेच ठेवायचास. तुझं काय चुकलं?"

"जे गेलं ते येईल ना परत?"

इसाबेलने एक क्षणही घेतला नाही. "येतंय की. डॉक्टर म्हणाली, हळूहळू येतं. औषध बरोबर मिळालं ना, की येतं."

मी तिच्या शेजारी उभी होते. गेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंच्या तोंडून मी स्वतः ऐकलं होतं.

जेरार्डने डोळे बारीक केले. "ती कमलिनीबाय हाय काय तिथं? तिला पुढे कर."

मी स्क्रीनसमोर वाकले. त्याला मी माहीत होते. दर नाताळला इसाबेल त्याला माझ्याच गोष्टी सांगायची, कमलिनीने याला झापलं, त्याला तोंडावर सुनावलं. "तुमी खोटं बोलत नाय म्हणतात," तो म्हणाला. "ही खरं सांगते काय? येतंय परत?"

"येतंय," मी म्हटलं. "मी होते ना बरोबर. डॉक्टरच म्हणाल्या."

म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि छातीवर क्रूस केला. इतकी वर्षं मी खरं बोलत आले, पण कुणाचा चेहरा असा सैल होताना मी बघितला नव्हता. त्या खोट्याचं मला काहीच वाईट वाटलं नाही.

इसाबेल फोन उचलायला पुढे झाली. तिच्या डाव्या हाताशी माझा चहाचा ग्लास होता, अगदी जवळ, भरलेला. तिचं कोपर लागलं, ग्लास फरशीवर पडून फुटला.

"काय झालं गो?" जेरार्डचा आवाज आला. "काय पडलं?"

इसाबेल खाली सांडलेल्या चहाकडे बघत होती.

"मांजर," मी म्हटलं. "मेलं रोज येतं खिडकीतून."

"हाकला त्याला," जेरार्ड हसत म्हणाला. चौथ्या मजल्याच्या बंद काचांकडे बघत आम्ही दोघीही हसलो.